चेहरा कुणाचा, हात कुणाचे

१९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. तोवर हा साबण हॉलिवूडच्या नट्यांचे चेहरे दाखवून विकला जायचा. भारतीय नटीचा चेहरा त्यावर पहिल्यांदाच आला आणि तो एका मराठी बाईचा होता. धारवाडला जन्मलेल्या, पदवीधर, नाटकातून सिनेमात आलेल्या लीलाबाई मुलांचा संसार स्वतःच्या कमाईवर ओढत होत्या. शिकल्यासवरल्या घरातल्या बाईनं पडद्यावर जाणं म्हणजे घराण्याचं नाव घालवणं, असं मानणारा तो काळ. लीलाबाई गेल्या, त्यांनी स्वतःचं नाव मिळवलं, आणि नाव झाल्यावर साबणाची कंपनी दारात आली.

त्या एका जाहिरातीत मला दोन गोष्टी दिसतात आणि त्यातली कुठलीच सोडवत नाही. सौंदर्य फक्त गोऱ्या मडमेचं, ही समजूत तिथं पहिल्यांदा मोडली. मासिक चाळणाऱ्या एखाद्या मुलीला साबणाच्या पानावर साडीतली, कुंकवातली, आपल्यातली बाई दिसली, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या बाईच्या सगळ्या आयुष्यातून जाहिरातीनं उचललं काय, तर कांती. तिचं शिक्षण, तिची कमाई, समाजाशी तिनं घेतलेली टक्कर यातलं काही साबणाला उपयोगाचं नव्हतं. बाई कर्तबगार असली तरी जाहिरातीत शिरताना ते सगळं उंबऱ्याबाहेर ठेवून यायचं, हा पायंडा तेव्हाच पडला आणि पुढं फार काळ टिकला.

मी बरीच वर्षं मुंबईत जाहिरातींच्या मराठी संहिता लिहिण्याचं काम केलं. त्यामुळे जाहिरात बघताना मला चेहऱ्याआधी प्रश्न दिसतो: हिला इथं कुणी उभं केलं, आणि हिच्याऐवजी कोण उभं राहू शकलं नसतं?

साबणाचा इतिहास या प्रश्नाला फार उघडं उत्तर देतो. १८८८ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली. त्यावर 'लिव्हर ब्रदर्सनी इंग्लंडमध्ये बनवलेला' असं छापलेलं होतं. त्याच दशकात इंग्लंडमध्ये पिअर्स साबणाची एक जाहिरात निघाली. एक गोरा मुलगा एका काळ्या मुलाला टबात आंघोळ घालतोय. खालच्या चित्रात काळा मुलगा टबाबाहेर येतो, तर त्याचं अंग पांढरं झालेलं आणि चेहरा तेवढा काळा राहिलेला. गोरा मुलगा त्याला आरसा दाखवतो. १८९९ च्या जाहिरातीत तर कंपनीनं सरळ लिहिलं, की गोऱ्या माणसाच्या खांद्यावरचा भार हलका करायची पहिली पायरी म्हणजे स्वच्छतेचा धडा देणं. साम्राज्य आणि साबण एकाच वडीतून विकले जात होते. काळा म्हणजे मळका, मळका म्हणजे मागासलेला, आणि धुणारा हात गोऱ्याचा, अशी ती मांडणी.

हे सगळं जुनं झालं असं मानून पुढं जावं, तर २०१७ चा ऑक्टोबर आडवा येतो. डव्हच्या फेसबुकवरच्या एका छोट्या चित्रफितीत एक कृष्णवर्णीय स्त्री अंगातला टीशर्ट काढते आणि आतून गोरी स्त्री बाहेर येते. कंपनीनं माफी मागितली, फीत काढून टाकली. पण ती बघताच जगभरच्या लोकांनी पिअर्सचं ते चित्र शोधून शेजारी ठेवलं. सव्वाशेहून अधिक वर्षांचं अंतर, आणि दोन्ही साबण आज युनिलिव्हरच्याच घरातले. सनलाइट, लक्स, सर्फ आणि १९७५ ला बाजारात आलेली फेअर अँड लव्हली हीसुद्धा त्याच घरातली. मी एकाच कंपनीच्या मागं लागले आहे असं वाटेल, पण आपल्या न्हाणीघरात आणि आरशासमोर एवढी वर्षं याच घराची सत्ता होती, त्याला काय करणार.

गोरेपणाचा सोस कंपन्यांनी जन्माला घातला, असं मात्र मी म्हणणार नाही. तो आपल्याकडे आधीपासून छापला जात होता, आणि छापत होतो आपणच. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावरच्या 'वधू पाहिजे'च्या जाहिराती काढून बघा. उंच, गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस, गृहकृत्यदक्ष. मग जात, पोटजात, मंगळ. माझी आत्या गणितात पदवी घेतलेली, शाळेत शिकवणारी. तिची जाहिरात आजोबांनी स्वतः लिहिली होती. शिक्षण लिहिलं, नोकरी लिहिली, आणि शेवटी 'निमगोरी' लिहिलं. आत्या निमगोरी नव्हती, काळी होती. बघायला आलेल्यांपैकी एका बाईनं गप्पांच्या ओघात तिचा हात हातात घेतला आणि बांगड्या कोपराकडे सारून मनगट बघितलं. चेहऱ्यावर पावडर असते, मनगटावर नसते. आत्यानं ही गोष्ट मला सांगितली ती तिच्या साठीनंतर. लग्न तिचं पुढं चांगल्या घरी झालं, नवरा भला मिळाला. तरी ती गोष्ट सांगताना तिचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला होता, हे मी विसरू शकत नाही.

फेअर अँड लव्हलीला हे मनगट आयतं सापडलं. सुरुवातीच्या जाहिराती लग्नाभोवती फिरायच्या. मग मुली नोकऱ्या करू लागल्या, तशी जाहिरातही नोकरीकडे वळली, आणि इथंच तिचं सगळ्यात क्रूर रूप दिसलं. एक निवृत्त बाप, घरात चहाला दूध नाही, आणि मुलीच्या कानावर पडतं, की मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलगी क्रीम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते, आईबापांना मोठ्या हॉटेलात कॉफी प्यायला नेते. एका मिनिटात किती वार केले आहेत बघा. मुलगी म्हणजे ओझं, हे गृहीत. काळी मुलगी म्हणजे जास्त ओझं, हेही गृहीत. तिच्या स्वातंत्र्याची वाट नळीतून जाते. बाईनं कमवावं हा विचार स्त्रियांच्या चळवळीनं पिढ्यान् पिढ्या झिजून रुजवला होता. जाहिरातीनं तो उचलला आणि त्याच्या गळ्यात क्रीम बांधलं.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं याविरुद्ध आवाज उठवला, तक्रार मानवी हक्क आयोगापर्यंत नेली, आणि २००३ मध्ये कंपनीला अशा जाहिराती थांबवाव्या लागल्या. या लढ्याची नोंद आपल्या स्मरणात फारशी नाही, ती असायला हवी होती. २००९ मध्ये चेन्नईहून 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू झाली, पुढं नंदिता दास तिचा चेहरा झाल्या. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्याच स्वनियंत्रण संस्थेनं, म्हणजे अ‍ॅस्कीनं, नियम केला, की सावळ्या रंगाची व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा लग्नात-नोकरीत मागं पडलेली दाखवायची नाही. मधल्या काळात, २००५ मध्ये, पुरुषांचं वेगळं गोरेपणाचं क्रीम आलं आणि पुढं शाहरुख खान त्याची जाहिरात करू लागला. गंमत म्हणून नव्हे, चिंतेची गोष्ट म्हणून सांगते: २००५ मध्येच तोच शाहरुख लक्सच्या गुलाबपाकळ्यांच्या टबातही बसला होता, आजूबाजूला हेमा मालिनीपासून करीना कपूरपर्यंतच्या लक्सच्या नायिका. टबातला पुरुष बघून लोकांना स्त्री-पुरुष भेद पुसला जातोय असं वाटलं. मला वाटतं, स्त्रीवर घातलेलं ओझं पुरुषाच्याही पाठीवर टाकलं गेलं, एवढंच झालं.

मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तिथले लोक रस्त्यावर उतरले, आणि जूनच्या अखेरीला फेअर अँड लव्हलीतलं 'फेअर' काढायचं जाहीर झालं. जुलैपासून ती ग्लो अँड लव्हली. त्याच दिवसांत एका विवाहसंस्थळानं त्वचेचा रंग निवडायची सोय काढून टाकली. तिकडं अमेरिकेत आंट जेमिमा या पॅनकेकच्या पिठावरचा चेहरा हटवायचं ठरलं. पांढऱ्यांच्या घरात राबणाऱ्या हसतमुख काळ्या स्वयंपाकिणीचं ते चित्र. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ही भूमिका जिनं उभी केली ती नॅन्सी ग्रीन केंटकीत गुलामीत जन्मलेली होती. तिच्या कष्टाला सव्वाशे वर्षं हसरा चेहरा लावून पीठ विकलं गेलं.

ही नॅन्सी ग्रीन माझ्या मनात घर करून आहे, कारण आपल्या जाहिरातीतही अशी एक बाई आहे. तिच्याकडे येण्याआधी ललिताजींबद्दल बोलायला हवं.

नोव्हेंबर १९६७ मध्ये विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या, आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर. आमच्या पिढीचं बालपण त्या जिंगल्समध्ये गेलं. निर्मा पावडर सर्फच्या तुलनेत कितीतरी स्वस्त होती आणि पांढऱ्या झग्यातली ती गिरकी घेणारी मुलगी घराघरात पोचली होती. तिला उत्तर म्हणून जाहिरातकार अलेक पदमसींनी ललिताजी उभ्या केल्या. कविता चौधरींनी केलेली ती बाई भाजीवाल्याशी भावात घासाघीस करते, आणि सर्फ मात्र महाग का घेता असं विचारल्यावर ठणकावून सांगते, की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो. अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर, हे गणित ती तोंडावर फेकते. पदमसींनी म्हटलं होतं, की ही बाई आपल्या आईवरून सुचली.

माझ्या आईला ललिताजी फार आवडायची. ती लाजत नव्हती, नवऱ्याकडे बघून बोलत नव्हती, कॅमेऱ्याला विचारल्याबद्दल सुनवत होती. लीलाबाईंच्या जाहिरातीत बाईला त्वचा होती, ललिताजींच्या जाहिरातीत तिला डोकं मिळालं. मी याला खरी प्रगती मानते. पण अजून एक गोष्ट तिथं आहे. मध्यमवर्गीय शहरी घरात कपडे बऱ्याचदा दुसरीच बाई धुवायची. पावडर ललिताजी निवडणार, पैसे ललिताजी देणार, डोकं ललिताजींचं, आणि बादलीत बुडालेले हात कुणाचे? त्या हातांना सर्फ झोंबतो का, हे विचारणारी जाहिरात माझ्या तरी बघण्यात नाही.

कामाच्या ठिकाणी मला त्या हातांचा चेहरा भेटला, कास्टिंगच्या यादीत. एका चित्रीकरणासाठी आलेली यादी होती. आई: 'पॅन-इंडिया लूक, फेअर'. बाबा: 'रिलेटेबल'. आणि खाली: 'मेड, महाराष्ट्रीयन लूक, डस्की'. मुंबईत मराठी माणसांनी बनवलेल्या, मराठी माणसांना दाखवायच्या जाहिरातीत मराठी दिसणं कुणाच्या वाट्याला आलं होतं, ते त्या एका ओळीत होतं. बहुतेक मोठ्या जाहिराती हिंदीत चित्रित होतात आणि आपल्या वाहिन्यांवर मराठी आवाज चढवून येतात. मूळ हिंदीत मालकीणबाई शुद्ध हिंदी बोलते आणि कामवाली मराठी वळणाचं हिंदी. मग मराठीत काय करायचं? मालकिणीला सदाशिव पेठेतलं मराठी द्यायचं, आणि कामवालीसाठी सूचना यायची: 'जरा गावाकडचं करा.' डबिंगला आलेल्या मुलीनं एकदा विचारलं, 'कुठल्या गावचं?' ती स्वतः बार्शीची होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. स्टुडिओतल्या एकाकडेही उत्तर नव्हतं. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, माणदेशी, काहीही चाललं असतं. फक्त ते मालकिणीपेक्षा खालचं वाटायला हवं होतं.

या धंद्यात गिऱ्हाइकाला 'टीजी', म्हणजे टार्गेट ग्रुप, म्हणतात, आणि टीजी ठरतो एसईसीवरून, म्हणजे सामाजिक-आर्थिक वर्गावरून. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण किती आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, एवढ्यावर २०११ पासून घरांची प्रतवारी होऊ लागली. शिक्षण आणि फ्रीज मोजून घरावर अ, ब, क, ड, ई असं काहीतरी लागतं. त्यात जात विचारलेली नसते, रंग विचारलेला नसतो. पण आपल्या देशात शिक्षण आणि फ्रीज कुणाच्या घरी आधी पोचले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून 'अ' वर्गासाठी चेहरा निवडताना कुणी जातीचं नाव काढत नाही आणि तरी चेहरे एकाच साच्यातले येतात. युनिसेफ आणि गीना डेव्हिस इन्स्टिट्यूटनं २०१९ मधल्या हजारावर भारतीय जाहिराती तपासल्या. त्यातल्या दोन-तृतीयांश स्त्रिया गोऱ्या किंवा उजळ होत्या. पुरुषांमध्ये हेच प्रमाण निम्म्याच्या थोडंसं वर. ईशान्येकडचा चेहरा साबणाची वडी हातात घेऊन हसतोय, किंवा गडचिरोलीची गोंड मुलगी स्कूटर विकत घेतेय, हे चित्र आठवायचा प्रयत्न करा.

वर्ग कधी कधी तोंडावरचा पदर काढतो. मे २०२०, टाळेबंदी. पीठ मळायच्या यंत्राच्या एका जाहिरातीत विचारलं गेलं, की तुम्ही कामवालीला हातानं कणीक मळू देता का, तिचे हात संसर्ग झालेले असू शकतात. संताप उसळला, केंटनं माफी मागून जाहिरात मागं घेतली. तेव्हा लोक विषाणूच्या भीतीबद्दल बोलले. मला तिथं विषाणूपेक्षा फार जुनं काहीतरी दिसलं. ज्या हातांनी वर्षानुवर्षं भाकरी थापून घातली ते हात एकाएकी विटाळले. पिअर्सच्या टबातला मुलगा आणि ही कणीक मळणारी बाई एकाच हिशेबात मोजले गेले. जून २०२३ मध्ये झोमॅटोनं पर्यावरण दिनाला एक जाहिरात केली. एका गाजलेल्या सिनेमातल्या दलित पात्राचं नाव 'कचरा' होतं, म्हणून त्या नटाला टेबल, दिवा, कुंडी, टॉवेल बनवून बसवलं, कारण पुनर्वापर केलेल्या कचऱ्यातून या वस्तू होतात. माणसाची वस्तू केली. तीही मागं घेतली गेली. अशा जाहिराती कुणी द्वेषानं लिहितं असं मला वाटत नाही. खोलीत लिहायला, तपासायला, मंजूर करायला बसलेल्यांपैकी एकालाही ते खुपलं नाही, आणि हेच जास्त भयंकर आहे. खोलीतले चेहरे बदलल्याशिवाय पडद्यावरचे चेहरे बदलत नाहीत, हे मी त्या खोल्यांमध्ये बसून पाहिलं आहे.

आणि खोलीतले चेहरे बदलले की काय होतं, तेही पाहिलं. २०१७ मध्ये नीरज घेवाननं दिग्दर्शित केलेल्या विक्सच्या जाहिरातीत गौरी सावंत आई होऊन आल्या. तृतीयपंथी आई, तिनं वाढवलेली मुलगी, बसमधला प्रवास. गौरीताईंनी ती भूमिका वठवली नाही, त्या स्वतःच होत्या. एका औषधी मलमाच्या जाहिरातीनं 'आई कुणाला म्हणायचं' हा प्रश्न इतक्या साधेपणानं घरात आणला, की मी काम सोडून पुन्हा पुन्हा बघत बसले. त्याआधी २०१३ मध्ये तनिष्कच्या जाहिरातीत सावळी वधू होती, तिचं दुसरं लग्न होतं आणि फेरे घेताना नवरा तिच्या लहानग्या मुलीला कडेवर घेतो. सावळेपणाबद्दल त्यात कुणी अवाक्षर काढत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. २०१५ पासून एरियलनं नवऱ्यांना धुण्याच्या कामात वाटा घ्यायला सांगितलं. ते चांगलंच आहे, फक्त नवरा-बायकोनं काम वाटून घेतलेल्या त्या घरात धुणंभांडीवाल्या मावशी कुठं गेल्या, हे मला समजलं नाही.

आणि एक उदाहरण दोन्ही टोकांना ओढलेलं. ऑक्टोबर २०२१, करवा चौथ. फेम या ब्लीचच्या जाहिरातीत दोन स्त्रिया एकमेकींसाठी उपवास धरतात, चाळणीतून एकमेकींना बघतात. एका राज्याच्या गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला, डाबरनं जाहिरात मागं घेतली. दोन बायकांचं प्रेम दाखवायचं धाडस खरं होतं, आणि ते गेलं याचं मला वाईट वाटलं. पण विकायचं काय होतं? चेहरा उजळवणारं ब्लीच. एक बेडी तोडताना हातात दुसरी तशीच राहिली होती, आणि गदारोळ झाला तो तोडलेल्या बेडीवरून.

धंद्यातले लोक एक ठरलेलं उत्तर देतात: आम्ही गिऱ्हाईक दाखवतो, समाज सुधारायला बसलो नाही. मला ते अजिबात मान्य नाही, कारण ते खरं नाही. शाम्पूची पुडी बघा. १९८३ मध्ये तमिळनाडूत सुरू झालेल्या 'चिक' शाम्पूनं पुडीच्या जोरावर मोठ्या कंपन्यांना घाम फोडला, कारण बाटली न परवडणाऱ्या बायका पुडी घेत होत्या. आज साबण, पावडर, क्रीम, तेल, सगळं पुडीत मिळतं, आणि वाडीवस्तीच्या दुकानांत त्या माळांनी टांगलेल्या असतात. ती पुडी घेणारी बाई दहा घरची कामं करते, ऊसतोडीला जाते, विडी वळते, मासळी विकते. तिच्या पुडीवर चेहरा मात्र तिच्या मालकिणीचा असतो. म्हणजे जाहिरात गिऱ्हाईक दाखवत नाही. गिऱ्हाइकानं कुणाकडे बघून स्वतःला कमी समजावं, ते दाखवते. तिच्या पैशानं तिलाच.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना कुठल्या पावडरनं हात फुटतात, कुठलीचा फेस लवकर निघतो, कुठल्या साबणाची वडी पाण्यात विरघळून जाते, हे तोंडपाठ आहे. ललिताजींना इतकं माहीत नव्हतं. मावशींची मुलगी नर्सिंगला आहे, तिनं परवा नव्या नावाचं ते जुनं क्रीम आणलं. मावशींनी विचारलं, 'ह्येनं काय हुतं गं?' आणि पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला आत्याच्या मनगटाची गोष्ट सांगितली. ती ऐकून तिनं नळी पिशवीत ठेवली. पुढं ती लावते की नाही, हे मी विचारलेलं नाही, तो तिचा प्रश्न आहे.

मला आता मावशी जाहिरातीत हव्या आहेत. दया दाखवायला किंवा दिवाळीला मालकिणीकडून मिठाई घेताना डोळे पुसायला नव्हे. दुकानाच्या फळीसमोर उभ्या राहून, 'ही नको, हिनं हात फुटत्यात, ती द्या' असं सांगायला. पैसे त्यांनी स्वतःच्या बटव्यातून काढावेत. मुलगी कॉलेजच्या गणवेशात शेजारी असावी आणि तिच्या रंगाबद्दल संहितेत एक शब्द नसावा. आणि त्या बोलतील ते मराठी कुठल्या गावचं आहे, हे लिहिणाऱ्याला नेमकं माहीत असावं.